सोबती मंडळाचा चौथा नियम

नाशिक,
दि. ८ जानेवारी १९८४

ती. जयराममामांस,
संघमित्राचा सविनय जयभीम. वि. वि.

आईचा खोकला आता थांबला. बाबांना ओझरच्या कारखान्यात सकाळची पाळी आहे, त्यामुळे घरात पहाटेच स्टोव्ह पेटतो आणि माझी झोप मोडते. बाकी सगळं ठीक. पण मामा, मी रागावले आहे, आणि तेही तुमच्यावर!

तुमचं सोबती मंडळ कॉलेजात अजून गाजतंय. बाहेरगावचा मुलगा आठ दिवस वर्गात दिसला नाही की मंडळी त्याच्या गावी जाऊन धडकतात आणि त्याला घेऊनच येतात. अकरा वर्षांत एकोणीस जण असे परत आले. पुढच्या महिन्यात मंडळाचा इतिहासही छापणार आहेत.

माझ्या बाकावरची गोदावरी निफाडजवळच्या खेड्यातली. गणितात वर्गात पहिली. डिसेंबरात तिच्या आईचा हात मोडला, गोदा घरी गेली ती गेलीच. परवा तिचं कार्ड आलं. वडील म्हणतात, शिकलीस तेवढं पुरे. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख ३१ जानेवारी आहे.

मी तडक मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. वेणीमाधव त्याचं नाव, पंचवटीतल्या उपाध्यायांचा मुलगा, अतिशय सभ्य. त्याने सभ्यपणेच वही उघडून चौथा नियम दाखवला : सभासद फक्त मुलगेच असतील. म्हणजे गोदासाठी मंडळ जाणार नाही. मामा, ते अक्षर तुमचं आहे! तुमची कार्डं वाचतच मी मोठी झाले, मला कोण फसवणार? असं का लिहिलंत, तेवढं कळवा.

मामींना जयभीम. माया आहे ती असू द्या, पण उत्तर आधी द्या.

तुमची रागावलेली,
मित्रा


कळवण,
दि. १४ जानेवारी १९८४

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेत मिळालं. सातवीचा तास होता, मुलांना उतारा लिहायला सांगितला आणि मी पत्र दोनदा वाचलं. ते अक्षर माझंच.

आता खरं ऐक. त्र्याहत्तर साली दुष्काळात मी कॉलेज सोडलं आणि सिन्नरकडे आईबरोबर खडी फोडायला बसलो. कोणाला सांगितलंही नाही. खोलीवरच्या माझ्या तीन मित्रांना वाटलं, येईल चार दिवसांनी. इंदिरा नावाची मुलगी आमच्या वर्गात होती. तिच्याशी मी कधी धड बोललोही नव्हतो. माझी जागा रिकामी दिसते हे तिच्या लक्षात आलं. ती सरळ त्या तिघांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, तुमचा सोबती गेला आणि तुमच्या घशाखाली घास उतरतो कसा? तिघं लाजले, सायकली काढून खडीवर आले. इंदिराने महिनाभराच्या टिपणांची नक्कल करून त्यांच्याबरोबर पाठवली होती. आई म्हणाली, जा बाबा, एवढ्या लांबून आलेत.

त्यातूनच मंडळ निघालं. ‘सोबती’ हे नावही तिच्याच तोंडचं. पण नियम लिहायला बसलो तेव्हा एक जण म्हणाला, मुलीचं नाव आलं तर लोक बोलतील. इंदिरा उठली आणि निघून गेली. जिने मला परत आणलं तिच्यासाठी मी एक शब्द काढला नाही. पुढे वही माझ्यापुढे आली आणि चौथा नियम मी लिहिला.

सोबत मंडळाच्या नावाने वेगळं पत्र आहे. त्यात हे सगळं लिहिलंय. सभेत मोठ्याने वाच. इतिहास छापायचा तर हा छापा. मामीला काल पहिल्यांदा सांगितलं. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

लोभाला मी पात्र आहे का, ते तूच ठरव.

तुझा,
जयराममामा


नाशिक,
दि. ३० जानेवारी १९८४

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

मामा, मामा, गोदा आली! घाईघाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ करा.

तुमचं पत्र मी सभेत मोठ्याने वाचलं. एक जण म्हणाला, नियम तो नियम. तेव्हा वेणीमाधवनेच पेन काढलं आणि चौथ्या नियमावर आडवी रेघ मारली. काल रविवारी आम्ही अकरा जण निफाडच्या एस.टी.त बसलो. कोरा फॉर्म माझ्या पिशवीत होता.

गोदाचे वडील, फकिराकाका, द्राक्षांच्या बागेत होते. आमची पलटण बघून म्हणाले, पोरांनो, बाईमाणूस आजारी हाय, घर कोण बघंल? वेणीमाधव म्हणाला, परीक्षेपर्यंत दर रविवारी आम्ही कामाला येऊ. आणि खरं करून दाखवायला तो म्हशीचं दूध काढायला बसला! म्हशीने बादलीला लाथ घातली, पंचवटीचे उपाध्याय दुधाने न्हाले. गोदाची आई गळ्यातला हात सांभाळत हसली. शेजारच्या साळूबाईंनी दोन वेळच्या भाकरी करायचं कबूल केलं.

काकांनी मात्र लवंडलेली बादली उचलून ठेवली. मग हळूच म्हणाले, एवढं मोठं कॉलेज, तिथं माझ्या पोरीची जागा रिकामी कोणाला दिसली? मी म्हटलं, मला दिसली. त्यांनी डोळे पुसले आणि गोदाला हाक मारली. तिने चुलीजवळच फॉर्मवर सही केली. आज अकरा वाजता तो भरला. विसावी सोबती, मामा, आणि पहिली मुलगी!

रागाचं जाऊ द्या. पूर्वीपेक्षा दुप्पट माया करा.

तुमची,
मित्रा


कळवण,
दि. ११ फेब्रुवारी १९८४

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने शेजारणींना वाचून दाखवलं, म्हशीचा भाग दोनदा. आता ती माझ्याशी बोलते.

मी खटपट करून इंदिराबाईंचा पत्ता मिळवला. त्या साताऱ्याला शिक्षिका आहेत. अकरा वर्षांनी माफी मागितली, गोदावरीचंही कळवलं. आज त्यांचं उत्तर आलं. गोदावरीला आशीर्वाद आहेत. माझ्या माफीबद्दल एक अक्षर नाही. खाली फक्त विचारलंय, तुम्ही बी.ए. झालात का? वर्ग कोणता मिळाला?

मित्रा, मी त्यांना तेवढंही कधी कळवलं नव्हतं! पत्र पोचायला चार दिवस लागतील, म्हणून शाळा अर्धी टाकून पोस्टात धावलो आणि तार केली : झालो. सेकंड क्लास.

तुझा,
जयराममामा