तीन शिट्ट्यांचं वरण

१८ ऑगस्ट १९६९, सोमवार

मी वरडत नाही. माहा गळाच मोठा हाय. माह्या मायचाही असाच होता. कोणी इचारलं नाही, पण सांगून ठेवते.

आज घरात इतका कल्ला होता का मोठ्यानं बोलल्याबिगर कोणाले काय आयकू जाणार? माह्या पोरानं, पंजाबनं, खामगावहून कुकर आणला. मागच्या खेपेले पंपाचा स्टोव्ह आणला होता, आता हा. म्हणे आई, तुह्या डोळ्याले धूर लागते. चाळीस वर्सं लागला, तव्हा कोणाले दिसला नाही! पण आणला तं आणला. सून, पुष्पा, सकाळपासून त्याले पुसूनच राह्यली. फडक्यानं पुसते, पदरानं पुसते. म्हटलं, ठेव आता खाली, झोळीत घालतं काय त्याले?

गल्लीतल्या बाया पाह्याले आल्या. भिंतीपलीकडची मंजुळा आली, समोरच्या कय्यूम टेलरची अमीना आली. तुरीची दाळ लावली. पहिली शिट्टी झाली तशी अमीना दाराबाहेर! पुष्पा माह्यामागं. मंजुळा मातर जागची हालली नाही. मी म्हटलं, काऊन वं, तुले भेव नाही लागत? तं म्हणे, "मले कुठं आयकू आली? या वयात माह्यावर कोण शिट्टी मारीन? तुमच्यावर मारली असीन."

हसून हसून पोट दुखलं. मंजुळीचं असंच. तोंड साधं ठेवते अन् बोलते.

दाळ शिजून गळाली एकदम. चव चुलीवरची नाही. पंजाबले हे सांगतलं नाही.

२३ ऑगस्ट

कुकरात तीन डबे हायेत, एकावर एक. आमचं दोघी सासू-सुनांचं एका डब्यात भागते, पंजाब तं खामगावीच राह्यते. दोन डबे रिकामे कायले शिजवाचे? म्हणून ठरवलं — खालचा माहा, मधला मंजुळीचा, वरचा अमीनाचा. दुपारी तिघी माह्या ओसरीवर जमतो. मी दाळ आणते, मंजुळा तांदूळ, अमीना बटाटे नाही तं चणे. भाकर मातर चुलीवरच. ती काही कुकरात होत नाही, म्हणून बरं हाय.

एक-दोघी कुजबुजल्या, अमीनाचा डबा तुमच्यात कसा चालते म्हणून. म्हटलं, वाफेले जाऊन इचारा.

तीन शिट्ट्या. त्याच्यावर नाही, त्याच्याखाली नाही. पहिलीले मी परातीत पीठ घेते, दुसरीले तवा ठेवते, तिसरीले पुष्पाले म्हणते, उतरव.

अमीना बोलत असली का मंजुळा तिच्या तोंडाकडं टक लावून पाह्यते. म्हटलं, काय वं, तिच्या तोंडावर काय लिहेल हाय?

२९ ऑगस्ट

मंजुळीले पोट्टी सांभाळा लागते. स्वतःचं लेकरू नाही, नवरा जाऊन तीस वर्सं झाले, पुतण्या शालिग्रामच्या घरी राह्यते. त्याची बायको रुख्मिणी निंदणाले गेली का सात महिन्याची पोट्टी हिच्याकडं. ओसरीच्या बल्लीले झोळी बांधते, अन् झोळीची दोरी आपल्या पायाच्या अंगठ्याले. झोका देत नाही! नुसती बांधून बसते, अन् हात गहू निवडाले मोकळे. आळस म्हणतात तो हाच. मी म्हटलं, हातानं हलव ना. हसली. दोरी सोडली नाही.

३ सप्टेंबर

माही दाळ उतू आली, मंजुळीच्या भातात गेली, अमीनाच्या बटाट्याले लागली. कोणाचं काय ते समजेना. तिघींनी एका परातीत खाल्लं. वरतून कच्चं तेल अन् मिरचीचा ठेचा. असं जेवण लय वर्सात झालं नव्हतं.

११ सप्टेंबर, पोळा

जीव जळून राह्यला.

पुरणाची हरभऱ्याची दाळ कुकरात लावाचं माह्याच डोक्यात आलं. डबे काढले, कुकरभर दाळ. बैलं नदीवरून धुवून येऊन राह्यले होते, पूजेचं ताट कराचं होतं, पुष्पा विहिरीवर. पोट्टी आज आपल्या मायजवळ. मंजुळा माह्याच घरात कणीक तिंबत बसली होती. मी दारातून जाता जाता म्हटलं, मंजुळे, तीन झाल्या का उतरव. अन् गेली.

ताटाच्या गडबडीत शेंदूर सापडेना, मग बैलं दारात आले, मग गल्लीतल्या शंकररावच्या घरच्या बाया आल्या. घरात पाय ठेवला तं वास! मंजुळा तव्हाच उठून राह्यली होती. तिलेही वासच आला म्हणे. तिची पाठ स्टोव्हकडं. झाकणाचं बुच उडालेलं, दाळ आढ्याले लागलेली, खाली कोळसा. त्याच्या आधी त्यानं किती शिट्ट्या मारल्या असतीन! पुष्पा म्हणते विहिरीवर आयकू येत होत्या.

बारा बाया उभ्या होत्या. मी म्हटलं, "दुसऱ्याचं हाय म्हणून जळू देलं तू. खायाले मातर टायमावर येतं."

ती माह्या तोंडाकडं पाहत राह्यली. मंग म्हणे, "मले वाटलं, अजून झाल्या नाही." हात धुतले अन् गेली. जेवली नाही.

गुळाच्या पोळ्या केल्या. बैलाले चालतात.

१४ सप्टेंबर

भिंतीवरून हाक मारली. एकदा नाही, तीनदा. तुळशीले पाणी घालत होती, पाठ इकडं. पलटूनही पाह्यलं नाही. इतका ताठा! मी पहिले गेली हे काय कमी झालं? आता मीही हाक मारत नाही.

१९ सप्टेंबर

पंजाबनं नवं बुच पाठवलं. मधला डबा रिकामाच लावला.

२३ सप्टेंबर

अमीना दुपारी एकटी आली. डबा आणला नव्हता. माह्यासमोर बसली, अन् पहिले पुष्पाले पाण्याले पाठवाले लावलं. मंग म्हणे, "मावशी, मंजुळामावशी रुसली नाही. तिले आयकूच येत नाही. दोन साल झाले."

मी म्हटलं, काहीतरीच. समोर बसून बोलते ना आपल्याशी!

समोर बसूनच बोलते, अमीना म्हणे. ओठं पाहून समजून घेते. पाठीमागून हाक मारा, काहीच नाही. अमीनाले समजलं ते कय्यूमच्या मशीनीमुळं. मशीन चालू झाली का दुकानात आलेल्या साऱ्या बाया मोठ्यानं बोलाले लागतात. मंजुळीचा आवाज तेवढाच. मशीन चालो नाही तं थांबो, तिले सारखंच. एक दिवस अमीनानं इचारलं, तं मंजुळीनं कसम घातली, कोणाले सांगू नको. रुख्मिणीले समजलं तं पोट्टी माह्याकडं ठेवणार नाही, म्हणे. अन् पोट्टी नाही तं त्या घरात माह्यं काय काम?

ती दोरी झोका द्यासाठी नव्हतीच. पोट्टी जागी झाली का झोळी हालते, अंगठ्याले ओढ बसते. मी आळशी म्हटलं तिले.

अन् पहिल्या दिवशी तिनं सांगतलं होतं ना! मले कुठं आयकू आली, म्हणे. खरं सांगतलं. आमी हसलो.

कुकरले दोरी बांधता येत नाही.

अमीनानं जाता जाता दोनदा बजावलं. जा तिच्याकडं. समोर बसा. हळू बोला, मावशी. आवाजाचं काम नाही, ओठं हालवा फक्त.

२४ सप्टेंबर

हे लिहू का नको.

सकाळीच गेली. मले उद्या-परवा जमत नाही, केलं तं आताच कराचं. मंजुळा अंगणात भांडे घासत होती. मले पाह्यलं अन् मुंडी खाली घातली. मी समोर बसली, हळू बोलली. अमीनानं सांगतलं तसंच केलं! पण ती वर पाहीन तव्हा ना! राख, नारळाची शेंडी, भांडं. भांडं, शेंडी, राख. मी थांबली असती तं झालं असतं. तिच्या हाताले हात लावला असता. भांडे घासून संपलेच असते ना कधीतरी.

मी उभी राह्यली अन् म्हटलं, "मंजुळे, तुले आयकू येत नाही हे मले माहीत नव्हतं वं! माह्यं चुकलं!"

ती भांडं घासतच होती. मंग मी आणखीन मोठ्यानं म्हटलं. मंग आणखीन. तिसऱ्या खेपेले कय्यूमची मशीन थांबली. अमीना तोंडावर हात ठेवून रस्त्यात उभी. शंकररावच्या घरच्या भिंतीवर दोन मुंड्या. अन् रुख्मिणी दारात, पोट्टी कडेवर. रातच्या पावसानं वावरात चिखल, म्हणून निंदणाले गेलीच नव्हती. मी पाह्यलंही नव्हतं घरात कोण हाय.

साऱ्या गल्लीनं आयकलं. एका मंजुळीलेच आयकू गेलं नाही. तिनं रुख्मिणीचं तोंड पाह्यलं, मंग माह्यं पाह्यलं, तव्हा समजली. शेंडी खाली ठेवली.

२७ सप्टेंबर

शालिग्रामकडं जाऊन आली. तो काही वाईट माणूस नाही. म्हणे काकी, लेकराचं काम हाय, जोखीम नको. मंजुळीचा भाऊ लोणारले राह्यते, तिथं पाठवतो.

मी दोरीचं सांगतलं. एकदाही पोट्टी रडत ठेवली नाही तिनं, हेही सांगतलं. रुख्मिणी म्हणे, "काकी, दोरी तुटली तं?"

ती माय हाय पोट्टीची. तिले काय बोलू?

म्हटलं, मंग माह्या घरी राहू दे. शालिग्राम म्हणे, पुतण्या जिता असताना काकू दुसऱ्याच्या घरी? लोकं तोंडात शेण घालतीन. मंजुळा कोपऱ्यात बसून तिघांच्याही ओठांकडं पाहत होती. एकाच्याकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं. तिले कोणीच इचारलं नाही. मीही नाही.

३० सप्टेंबर

मंजुळीले पोचवाले एस.टी.वर गेली. मी अन् अमीना. शालिग्राम तिचं गाठोडं वर चढवत होता. मी मधल्या डब्यात पुरणाच्या पोळ्या नेल्या होत्या. दाळ चुलीवर शिजवली, पाट्यावर वाटली. डबा तिच्या हातात देला. समोर उभी राह्यली. आवाज न करता म्हटलं, चुकलं माह्यं.

समजलं तिले. लगेच.

"हळू म्हटलं असतं तं मले तव्हाही समजलं असतं, सरस्वते," म्हणे.

एकटी जाणार, अन् गाडी दोन ठिकाणी बदला लागते. कंडक्टर गावाचं नाव वरडीन, हिले कसं समजीन? मी कंडक्टरले सांगाले निघाली तं तिनं माह्यं मनगट धरलं. मुंडीनं नाही म्हणे. मंग नाही सांगतलं. या खेपेले तोंड बंद ठेवलं.

गाडी गेल्यावर अमीना म्हणे, पहुचतीन त्या, पाट्या वाचता येतात ना. म्हटलं हाव. मंजुळीले वाचता येत नाही. शाळेत मीच गेली होती चौथीपर्यंत, ती नाही.

५ ऑक्टोबर

अमीना अजून येते. बोलते कमी. मधला डबा नाही तं वरचा खालच्यावर नीट बसत नाही. एका अंगाले कलते. पुष्पा म्हणे, आत्याबाई, नवा डबा आणाले सांगू काय? म्हटलं, काही गरज नाही.

लोणारहून काही समजलं नाही.

१२ ऑक्टोबर

दुपारी स्टोव्हजवळ मीच बसली होती, तांदूळ निवडत. पुष्पा अंगणातून पळत आली अन् स्टोव्ह बंद केला. "आत्याबाई, पाच झाल्या!"

मी दोन मोजल्या होत्या.

तिले म्हटलं, ध्यान नव्हतं. ध्यान होतं.

बस. याच्यावर मी काही लिहिणार नाही.