पदवीच्या अलीकडे

१२ जून, अकोला
साडीचं दुकान सुटलं. सोडलं म्हणावं की काढलं, दोन्ही खरं. एका बाईने विचारलं, रंग जाईल का. मी म्हटलं, पहिल्याच धुण्यात जाईल. शेठ ती जाईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "बाई, तुमी आमच्याकडून हाय का गिऱ्हाइकाकडून?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्यांना सुचलं.

त्याआधी मेस. त्याआधी पापड करणाऱ्या बायकांचा गट. हे वारल्यापासूनचं तिसरं काम. खालच्या खोलीच्या भाड्यावर भागतं, तो प्रश्न नाही. प्रश्न दिवसाचा आहे. सकाळी नऊला घर आवरून होतं, मग काय.

१५ जून
अमरावतीहून मंदाताईंचा फोन. ह्यांच्या मोठ्या बहिणीला अकोल्यातल्या दुकानाची बातमी माझ्याआधी कशी कळते देव जाणे. "तुले माणसात राहाता येत नाही का वं?" म्हटलं, एका वेळी एक माणूस असलं तर येतं. "एक होता, तो गेला. आता चाळीस पोरी घे." आणि हसल्या. त्यांचं हसणं असंच, लागतं आणि रागही येत नाही.

त्यांच्या ओळखीच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. सांभाळायला बाई हवी. खोली, जेवण, पगार. पुढच्या जूनपासून. पण कायम व्हायला बी.ए. पाहिजे. माझं शेवटचं वर्ष राहिलंय. मुक्त विद्यापीठ, ह्यांचीच हौस. अकोटच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर होते, दिवसभर कापसाच्या गाड्या मोजायचे आणि संध्याकाळी मला विचारायचे, आज कोणता धडा झाला. दोन वर्षं झाली. तिसऱ्याची पुस्तकं आणली त्याच आठवड्यात

पुढे लिहवत नाही.

२८ जून
वाचनालय. इंगळे सर पहिल्यांदा बोलले. कॉलेजातून निवृत्त आहेत, वर्षभर समोरच्या बाकावर पेपर वाचतात, मी इकडे. आमची ओळख एवढीच. त्यांच्या कॉलेजात एक मुलगी आहे, शेवटच्या वर्षाला. डोळ्यांनी दिसत नाही. कोणी पुस्तकं वाचून दाखवणारं हवंय. "तुमी तर हाती येईल ते वाचता, रेखाताई." हो. भज्यांच्या कागदापासून वाचत आले. पण मोठ्याने कधी नाही. विचार करते म्हटलं.

५ जुलै
प्रज्ञा आली. पातूरची, इथे वसतिगृहात राहते. जिना काठीने चाचपत चढली, मी हात दिला तर म्हणाली, "जिना दिसते मले काकू, माणसं दिसत नाहीत." मला हसावं की नाही कळेना.

राज्यशास्त्राचा एक धडा वाचला. अर्ध्यातच घसा बसला. एवढं सलग या घरात कितीतरी दिवसांत कोणी बोललं नव्हतं. जरा भावनेने वाचत होते, चांगलं वाटेल म्हणून. तिने थांबवलं. "काकू, तुमी वाचून राहिल्या का कीर्तन करून राहिल्या? सपाट वाचा. कुठं भरून यायचं ते मायं मी पाहीन."

परदेशी विचारवंतांची नावं मी सगळी चुकीची म्हणते. आजवर नुसती पाहिली होती, कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. तिने ऐकली आहेत, पाहिली नाहीत. ती सुधारत गेली. मास्तरीण कोण, ते ठरेना.

२१ जुलै
आता फोनवर वाचून पाठवते. दुपारी चार ते पाच, खालच्यांचा मिक्सर बंद असतो तेव्हा. खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा. घामाने पान ओलं होतं. आज मधेच भंगारवाला ओरडला, पुन्हा पहिल्यापासून.

हा तास आवडतो. कोणी समोर नाही आणि तरी कोणीतरी आहे. असं काम असतं हे माहीत नव्हतं.

९ ऑगस्ट
माझे धडे प्रज्ञाने आणखी कोणाकोणाला पाठवलेत. मला न विचारता. रागावले, ती म्हणाली, "धडा काय तुमच्या बापाचा हाय का काकू?" मग स्वतःच, "चुकलंच. विचारायले पाहिजे होतं."

हिवरखेडच्या एका मुलाचा निरोप आलाय, त्याच्या आवाजात. यंदा बी.ए.ला नाव घातलंय म्हणे, त्यालाही दिसत नाही. "मॅडम, जेवतानी तुमचा धडा लावतो. सोबत होते."

मी जेवताना काही लावत नाही. 

२ सप्टेंबर
अकोटला जाऊन आले, चुलत जावेकडे बाळ बघायला. एसटी जिनिंगच्या फाटकावरून गेली. हंगाम नाही, पटांगण रिकामं. काट्याची खोली तशीच. आत दुसराच माणूस, पाय वर घेऊन बसलेला. हे कधी पाय वर घेऊन बसत नसत.

जावेकडे सगळे विचारत होते, सध्या काय करता. म्हटलं, वाचते. "ते झालं हो. करता काय?"

१४ ऑक्टोबर
इंगळे सर घरी आले. चहा संपला तरी मुद्द्यावर येईनात. प्रज्ञाचे पेपर लिहून देणारी मुलगी आयत्या वेळी नाही म्हणाली. प्र. तोंडी सांगणार, दुसऱ्याने उतरवायचं. कॉलेजचा नियम असा की पदवीच्या पेपरला लिहिणारा माणूस पदवीधर नको. म्हणजे त्याने आपलं ज्ञान घुसडू नये. "राग नका मानू, पण तुमचं शिक्षण…" म्हटलं, अपुरं आहे. त्यांना एवढं हायसं वाटलं की दुसरा चहा मागितला.

अपुरं राहिलेलं प्रथमच कामी येतंय. गंमत वाटली. ह्यांना सांगावंसं वाटलं.

१९ नोव्हेंबर
पहिला पेपर. आम्हाला वेगळी खोली, एक पर्यवेक्षक बाई विणत बसलेल्या. प्र. हळू बोलते, मी लिहिते. तिसऱ्या प्रश्नात तिने दोन आयोगांची गल्लत केली. पहिल्याचं काम दुसऱ्याच्या नावावर. हा धडा मीच वाचला होता, चारदा भंगारवाला आला होता म्हणून पाठच आहे.

पेन थांबलं. काही बोलले नाही मी, श्वाससुद्धा नाही. पण तिला कळलं.

"काकू, मी सांगून राहिली ते लिहा."

लिहिलं. चुकीचं, चांगल्या अक्षरात. 

बाहेर आल्यावर जिन्यावर म्हणाली, "चुकलं होतं ना? कोणतं ते सांगू नका. बारावीले एका ताईनं मायं सगळं बरोबर लिहून देल्लं. मार्कं पडले चांगले. पण ते तिचे पडले. घरी पेढे वाटले त मले खावेना."

मग मी बसस्टॉपपर्यंत सोबत गेले.  बरं वाटत होतं.

२० नोव्हेंबर
काल नीट लिहिता आलं नाही. मला काय वाटलं ते. आयुष्यभर मला कोणी काही करायला सांगितलं की मी त्यात आपलं काहीतरी घालत आले. साडीचा रंग, मेसच्या भाजीत तेल कमी. ते चांगल्यासाठीच होतं, अजूनही म्हणेन. काल काहीच घातलं नाही आणि तरी ते काम पुरं होतं. प्रामाणिकपणा असा गप्पही असतो.

हे टिकावं असं वाटतं. बऱ्याच दिवसांत कशाबद्दल असं वाटलं नव्हतं.

१२ डिसेंबर, अमरावती
मंदाताईंनी वसतिगृह दाखवलं. स्वच्छ आहे. मुली गोड. एकीने माझा हात धरून तुळस दाखवली. संध्याकाळी फाटकाशी बसायचं, येणाऱ्यांची नोंद, रात्री मोबाइल गोळा करायचे, भांडणं मिटवायची. संस्थेच्या बाईंनी विचारलं, आवाज चढवता येतो का. मंदाताई माझ्याआधी म्हणाल्या, "शिकते ना. काय कठीण हाय?"

वाईट काही नाही तिथे. माझ्यासाठी ठेवलेली खोली जेवणघराला लागून आहे. भांड्यांचा आवाज सतत. मी मनात चार ते पाच कुठे बसता येईल ते शोधत होते. जागा दिसली नाही.

परतीच्या रिक्षात मंदाताई खुशीत. पुढे काय काय करायचं ते सांगत होत्या, दोघींनी एकत्र शेवया, दोघींनी बाजार.

१७ जानेवारी, अकोला
इंगळे सरांकडे जाऊन स्पष्ट विचारलं. उन्हाळी परीक्षेत मी शेवटचं वर्ष दिलं आणि पास झाले तर? म्हणाले, निकाल लागला की या मुलांचे पदवीचे पेपर लिहून देता येणार नाहीत. धडे वाचा, त्याला कोणाची ना नाही. पण पेपर नाही. हिवरखेडच्या त्या मुलाने माझं नाव दिलंय, पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत याल का म्हणून. आणखी दोन मुली आहेत.

मी म्हटलं, मग नाही बसत परीक्षेला. सर चष्मा पुसत राहिले. "मी मास्तर माणूस, रेखाताई. शिकू नका असं कोणाले म्हणता येत नाही मले. तुमचं तुमीच ठरवा. मले विचारून न विचारल्यासारखं करा."

परीक्षेला नाव देण्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते. माझ्या नोंदणीचंही हे शेवटचं वर्ष. आता नाही तर पुन्हा नाही.

२६ जानेवारी
प्र.ला सांगितलं. वाटलं खूश होईल. भडकली. "म्हणजे आमच्यापायी तुमी अर्धवट राहान? ते ओझं मायावर नका टाकू. आमच्या घरात शिक्षण सोडणं पाप समजतात. माया आजीनं पन्नाशीत अक्षर गिरवलं."

मी म्हटलं, तुमच्यापायी नाही. मला आवडतं म्हणून राहिले तर?

ती म्हणाली, "मंग ते तुमचं. पण रात्री स्वतःलेच विचारा, आवडते म्हणून का भेव वाटते म्हणून. चाळीस पोरींचं."

विचारलं. थोडं भेव आहे. थोडं आवडणंही आहे. वेगळं करता येत नाही.

३ फेब्रुवारी
ह्यांची तिथी. वरण-भात, भेंडी, खीर. पान गच्चीवर ठेवलं, कावळ्याने वेळ लावला. ह्यांची इच्छा कोणती राहिली असेल? बी.ए. म्हणावं तर तेच. पण त्यांनी मला कधी पास हो म्हटलं नाही. आज कोणता धडा झाला, एवढंच विचारत. हे मी माझ्या सोयीने आठवतेय का?

आज वाचलं नाही. 

११ फेब्रुवारी
मंदाताई फोनवर: "पैसा नाही, पेन्शन नाही, उद्या घसा गेला त काय करशीन?" बरोबर आहे.  मग म्हणाल्या, संस्थेला होकार कळवायचा आहे, एकदा येऊन जा.

१५ फेब्रुवारी, अमरावती
शनिवार. मंदाताई, मी, अंगणात बाज. त्यांचे यजमान कामाला. दोन्ही मुलं पुण्यात. त्या मेथी निवडत होत्या. सोमवारी सकाळी प्र.ची चाचणी, धडा पाठवायचा राहिलाय, म्हणून पुस्तक सोबत आणलं होतं. आत जाऊन वाचते म्हटलं. "इथंच वाच ना. मी काय खाते का तुले?"

वाचला. ग्रामसभेचा धडा, रूक्ष. मधे शेजारचा कुत्रा भुंकला तरी थांबले नाही. मंदाताईंचे हात चालू होते, मग कधीतरी थांबले. जुडी मांडीवर तशीच.

संपल्यावर म्हणाल्या, "हे करत असते तू तिकडं? रोज?"

हो म्हटलं.

"काही समजलं नाही मले. पण बरं वाटलं. घरात कोणी बोलते असं."

काड्या झटकल्या त्यांनी पदरातल्या. मग माझ्याकडे न बघता, "ते वसतिगृह तुयासाठी नाही वं पाहिलं मी. मायासाठी पाहिलं. एकच भाऊ होता. सुरेश गेला त माहेर गेलं मायं. तूच हायेस त्यातली."

एवढी वर्षं मला वाटत होतं, मी एकटी आणि त्या मला सांभाळणाऱ्या.

हात धरावासा वाटला. आम्ही दोघी हात धरणाऱ्यांपैकी नाही. अर्धी मेथी माझ्याकडे ओढली आणि निवडू लागले.

परीक्षेला नाव देण्याचा सोमवार शेवटचा दिवस. वसतिगृहालाही सोमवारीच कळवायचं. हिवरखेडच्या मुलाला अजून उत्तर दिलेलं नाही.

"उद्या सांगते," म्हटलं मी.

काय सांगशील, ते त्यांनी विचारलं नाही. आत गेल्या, येताना आणखी एक जुडी घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, "दुसरा धडा हाय का?"

होता. वाचायला घेतला.