पात संगंच लागते

माय, माझी आत्ताची नोकरी तुला सांगायची राहूनच गेली. तू गेलीस तेव्हा मी काळा कोट घालून गोंदियाच्या कोर्टात जात होतो, आणि तुला तो कोट फार आवडायचा. आता कोट कपाटात असतो. मी एका डिजिटल एजन्सीत आहे. कंपनीचं मोठं ऑफिस पुण्यात, आणि एक शाखा इथे गोंदियात, बाजारातल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. तिथे आपल्याच भागातली पोरंपोरी संगणकापुढे बसून दूरदूरच्या दुकानांच्या, कारखान्यांच्या जाहिराती तयार करतात आणि लोकांच्या मोबाइलवर सोडतात. मी जाहिराती करत नाही. मी कंपनीचा वकील, तोही फक्त कामावरच्या माणसांपुरता. कोणाला ठेवायचं तर कागद मी करतो, कोणाला काढायचं तरी मीच करतो. तू असतीस तर लगेच विचारलं असतंस, "म्हंजे तू कोनाकडून हायेस?" पगार कंपनी देते, म्हणून कंपनीकडून. या उत्तरानं तुझं समाधान झालं नसतं हे मला ठाऊक आहे. आणि गेल्या पावसाळ्यात एकदा माझंही होईना.

केशोरीकडची एक मुलगी आमच्याकडे आहे. शांत, कामाला नेटकी. तिला सिकलसेल आहे. तुझ्या वेळीही हा आजार गावात होता, फक्त त्याला नाव नव्हतं. सांधे दुखतात, पोर पिवळी पडते, आणि आपण मातामायला नवस बोलायचो. त्या मुलीनं आजाराचं नाव ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं, टेबलावरच्यांना फक्त दुखणं दिसायचं. दुखणं उठलं की ती संगणकापुढे बसून राहायची, पण हात चालायचे नाहीत. तरी तिचं काम रोज पूर्ण दिसायचं. मग पुण्याच्या यंत्रानं एक गोष्ट पकडली. कोण किती वेळ काय करतं ते सगळं त्या यंत्राला दिसतं, माय, पाहिलं की भीतीच वाटते. तिच्या नावानं केलेलं काम तिच्या संगणकावरून झालेलं नव्हतं. तिच्या टेबलावरच्या इतरांनी तिचा पासवर्ड, म्हणजे तिच्या कामाची किल्ली, आपापल्या जागी वापरली होती. ती किल्ली दुसऱ्याला देणं हा आमच्याकडे सरळ काढून टाकण्याचा गुन्हा, कारण त्यामागे गिऱ्हाइकांच्या गुप्त गोष्टी असतात. शाखेचे मॅनेजर गोंदियाचेच, हिंदी बोलणारे. माझ्या केबिनमध्ये आले आणि उभ्यानंच म्हणाले, "साहब, सीधा फ्रॉड है. पूरा टेबल निकालो." पूर्ण टेबल म्हणजे पाच-सहा घरं. मी म्हटलं, आधी चौकशी तर होऊ द्या.

मी टेबलावरच्या सगळ्यांना एकत्रच बोलावलं. त्या टेबलावर एक बाई आहेत, वयानं त्यांच्यात मोठ्या, सुट्टीच्या दिवशी अजूनही सासरच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोपं लावायला, रोवणीला जाणाऱ्या. मी विचारलं, हे कोणी ठरवलं? मग त्या बाईच बोलल्या. "ठरवाचं काय हाये त्यात, सर? ते मंधात कोंडली होती. तिले तिथं सोडून आमी निंगून कसं जाऊ?"

माय, कोंडणं हा तर रोवणीतला शब्द. एसीच्या त्या थंड खोलीत, काचेच्या भिंतीपलीकडे सगळ्यांच्या संगणकांचे पडदे लुकलुकत असताना, मला पिंडऱ्यांपर्यंतचा चिखल जाणवला.

वकिलीच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतर मी गावी आलो होतो, आठवतं? रोवणी सुरू होती आणि मला वाटलं, आपणही उतरावं. तू साडीचा काष्टा घट्ट केलास आणि मला रांगेत मधली जागा दिलीस. बायका ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या वाट्याला तिच्या रुंदीची एक पट्टी, म्हणजे पात, डाव्या हातात पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची पेंडी, आणि सगळ्या एकदम मागे सरत निघालेल्या. रोवणीत माणूस उलटं चालतं. केलेलं काम समोर हिरवं दिसत राहतं आणि जायचं ठिकाण पाठीमागे असतं. मला तेव्हाही त्याचं नवल वाटलं होतं आणि आज तर वाटतं, देवानं माणसाला जन्मच असा दिलाय. थोड्याच वेळात तुम्ही सगळ्या मागे सरकलात आणि मी एकटा पुढे राहिलो. माझ्या डाव्या हाताला हिरवं, उजव्या हाताला हिरवं, मधे माझी तेवढी उघडी चिखलाची पट्टी. बायका हसत होत्या. कोणीतरी म्हणालं, "वकीलबाबू, कोंडला ना आता? लाव एखादं कलम." दुसरी म्हणाली, "थे कलमं कोरड्यात चालतात वं बाई."

आणि तेव्हाच माझी पट्टी अरुंद होऊ लागली. माझ्या डावीकडची बाई हात लांबवून माझ्या पातीची वीतभर रुंदी आपल्याकडे ओढून घेत होती. ती कोण होती हे तुला सांगायला नको. तीच, जिच्याशी तुझं नळावरून वर्षभर बोलणं बंद होतं. उजवीकडून तू ओढत होतीस. तुम्ही दोघी एकमेकींकडे न पाहता माझी पात खात खात आलात, आणि बघता बघता मी पुन्हा रांगेत होतो. मी त्या काकूंना काही म्हणायला तोंड उघडलं, तशी तू फटकारलंस, "आभार धुऱ्यावर गेल्यावर मानजो. आता हात चालव." नंतर जेवताना मी विचारलं, तुमचं तर भांडण आहे ना? तू आंबिलाचा गडवा खाली ठेवलास. "भांडन नळावरचं हाये. बांधीत कायले आनू? पात सगळ्याईची संगंच लागते." पात लागणं म्हणजे धुऱ्याला, शेताच्या बांधाला टेकणं. त्याच संध्याकाळी शेताचा मालक बांधावर उभा राहून कोणाची पात मागं राहिली ते विचारू लागला, तेव्हा एकीनंही सांगितलं नाही. पाणी निवळल्यावर तर कोणालाच सांगता आलं नसतं. सगळं सारखं हिरवं झालं होतं.

हे सगळं मी चौकशीच्या कागदात कसं लिहिणार? त्या मुलीला एकटीला बोलावलं, तेव्हा तिनं आजाराचं नाव पहिल्यांदा सांगितलं. मी सांगितलं की सिकलसेल आता कायद्यानं अपंगत्वाच्या यादीत आहे, दाखला मिळाला तर कंपनीला तुझी सोय पाहावी लागेल. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "घरी लग्नाचं पाहून राहिले, सर. मंग गावभर होईल." नोकरी वाचवायची तर आजार उघडा करायचा आणि आजार झाकायचा तर नोकरी जाऊ द्यायची, असं तिच्यापुढे होतं. मी तिला म्हटलं, दाखला माझ्याकडे आणि पुण्यात कामावरच्या माणसांचं पाहणाऱ्या मॅडमकडेच राहील, मॅनेजरसाहेबांनाही कळणार नाही, एवढं मी कायद्यानं करू शकतो. तिनं दोन दिवस विचार केला. त्या दोन्ही दिवशी सकाळी मी तुझ्या देवांपुढे दिवा लावताना काही मागितलं नाही, नुसता उभा राहिलो. मग ती दाखला काढायला तयार झाली.

पुण्याच्या मॅडम पडद्यावर आल्या. बाई चांगल्या, हुशार. मुलीचं त्यांनी ऐकून घेतलं आणि तिला ठेवायला लगेच होकार दिला. पण बाकीच्यांबद्दल अडल्या. म्हणाल्या, सगळ्यांना नको काढायला, पण पहिल्यांदा किल्ली कोणी वापरली त्या एकाला जावंच लागेल, उदाहरण राहिलं पाहिजे. कोणत्या संगणकावरून सुरुवात झाली ते यंत्रातून काढून घ्या. काढता येत होतं, माय. संगणकवाला मुलगा बटणावर बोट ठेवून बसल्यासारखाच होता. मी त्याला थांबवलं आणि मॅडमना सांगितलं की किल्ली देणं चूक आहे, सगळ्यांना सारखी लेखी समज द्या, उद्यापासून आजारपणात काम वाटून घेण्याची सरळ व्यवस्था करा, पण पहिला कोण ते काढू नये असं माझं मत आहे, आणि ते मी माझ्या सहीनं लिहून देतो. त्यांनी विचारलं, "पण त्यांनी हे केलं का? त्यांना यातून काय मिळालं?" मी म्हटलं, काहीच नाही. आमच्याकडे पात संगंच लागते. त्यांनी अर्थ विचारला, तो मी सांगितला. मग म्हणाल्या, हे वाक्य तुमच्या अहवालात नको, पण बाकीचं तसंच पाठवा.

कोणीही गेलं नाही. ती मुलगी आहे, दुखण्याच्या दिवशी तिचं काम आता उघडपणे वाटलं जातं. त्या मोठ्या बाई जिन्यात भेटल्या तरी या विषयावर एक शब्द काढत नाहीत, मीही काढत नाही. पण दुपारी डबा खाताना त्या टेबलाकडे बघतो आणि मन भरून येतं. त्यांच्यातल्या निम्म्या पोरांनी कधी चिखलात पाय घातलेला नाही. मग हे त्यांच्या हातांत आलं कुठून? तू कोणाला शिकवायला बसली नव्हतीस. तुझी शाळा नव्हती, अंगठा होता. तरी तुझं काहीतरी पाण्यासारखं बांधीबांधीतून झिरपत या वरच्या मजल्यापर्यंत आलं, आणि मी कायद्याची एवढी पुस्तकं वाचून त्याच्यापुढे हात जोडण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

दिवाळीत गावी गेलो होतो. नळावरच्या भांडणाच्या त्या काकू अजून आहेत, दारात बसतात, नजर गेली आहे. "कोन हाये?" म्हणाल्या. तुझा मुलगा म्हटल्यावर हात चाचपून चेहऱ्यावरून फिरवला आणि चहा टाकायला सांगितलं. मी त्यांच्याशेजारी बराच वेळ बसलो, धानाचं विचारलं, डोळ्यांचं विचारलं. ते राहिलेले आभार मानायचं ठरवूनच गेलो होतो, पण तोंडातून निघालं नाही. धुऱ्यावर गेल्यावर मानजो, असं तू म्हणाली होतीस. बहुतेक मी अजून धुऱ्याला टेकलो नाही, माय.