विशाखाचा वाजणारा गुडघा

माय,
तुला अन् बाबाला जयभीम.

आमी पुण्याला बराबर पोचलो. पोरगी जेवून राहिली, काळजी करू नको. फोनवर ती सगळं ऐकते, म्हणून ही चिठ्ठी गावाकडं येणाऱ्या आपल्या शेजारच्या सुरजच्या हाती देऊन राहिले.

उद्या विशाखाच्या गुडघ्याचं आपरेशन हाय. गुडघ्यातली गादी जन्मापासूनच जाड व्हती, आता फाटली, म्हणून पाय सरळ व्हईना. दुर्बिणीनं जादा भाग कापून फाटलेलं शिवणार. शिवण्याजोगी न्हाई निघाली तर काढावी लागंल. मंग सहा वर्षांच्या लेकराचा गुडघा म्हातारीवानी झिजंल, माय.

डॉक्टरनं इचारलं, "गुडघा वाजत व्हता का?" काय सांगू? पाहुणे आले की आपुनच तिला उठाबशा काढायला लावत व्हतो, 'वाजव गं' म्हणत व्हतो. बाबा तर टाळ्या पिटायचे. तुमच्यामुळं न्हाई फाटली, असं डॉक्टर म्हणते. माझं मन मानत न्हाई.

तुझी कंबर कशी हाय? हळद शिजवायला जाऊ नको.

पुढचं बाबाला वाचून दाखवू नको. काल पोरीनं डॉक्टरचा हात धरला अन् म्हणली, "शिवा, पण आवाज राहू द्या. आजोबाला आवडते."

तुझी लेक,
ऐश्वर्या