वळताना वाजलं की एक्सल

आणि म्हणे वळताना वाजलं की एक्सल, खड्ड्यात वाजलं की बुश. बाबा, एवढं सोपं असतं तर गॅरेजवर पोपट बसवला असता. तुम्ही आता नाही म्हणून मी ऐकून घेईन असं समजू नका. ती पांढरी टॅक्सी आठवते ना? स्टेअरिंग फिरवलं की समोरून टुक्क, टुक्क. तुम्ही एक्सल बदलला, आणि दुसऱ्या दिवशी मालक पुन्हा शेडसमोर उभा. तेच टुक्क. तुम्ही म्हणालात, नवीन मालच डुप्लिकेट निघाला. मी म्हणालो, बाबा, गाडी जागची हलत नाही, नुसतं स्टेअरिंग फिरवलं तरी वाजते. उभ्या गाडीचा एक्सल कसा वाजेल? मालक हसला. तो हसला हेच नडलं. तुम्ही पाना खाली ठेवला आणि त्याच्यादेखत म्हणालात, "काऊन बे, आठवीत दोनदा बसला अन् मले शिकवून रायला?" त्याच महिन्यात मी भोपाळची गाडी पकडली. तुम्ही स्टेशनवर आला नाहीत. आईजवळ निरोप तेवढा दिलात, "त्याच्या बुडाखाली चाकं हायेत, कुठंच टिकणार नाही तो." टॅक्सी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली, पुढच्या पावसाळ्यात तुम्हीही गेलात, आणि भांडण राहिलं जॅकवर चढवलेलं.

टिकलो नाही, खरं आहे. भोपाळच्या अशोका गार्डनमधलं हे माझ्या नोकरीचं तिसरं गॅरेज. रेल्वे लाइन इतकी जवळ की मालगाडी गेली की भिंतीवरचे पाने वाजतात. पण टिकणं म्हणजे काय, तुमच्यासारखं एकाच शेडमध्ये एकच नियम घेऊन बसणं? परवा आईचा फोन आला. तुमच्या शेडमध्ये बसवलेला पंक्चरवाला सोडून गेला. ती म्हणाली, "शेडचा मालक म्हणते, एक तारखेला चावी द्या नाही तर भाडं द्या. तू येऊन शेड उघडतं का, तेवढं सांग." मी म्हणालो, चावी देऊन टाक. ती मग हळूच म्हणाली, "तुझ्या बाबाचा बोर्ड तरी उतरवून आणू का घरी?" मी म्हणालो, आई, समोर गिऱ्हाईक आहे, आणि फोन ठेवला.

गिऱ्हाईक खरंच होतं. जवाहर चौकातल्या एक काकू, मूळच्या नागपूरकडच्या, सरकारी ऑफिसातून रिटायर. म्हणाल्या, "अरे बेटा, मी पार्किंगमधून गाडी वळवली ना, की पूरी बिल्डिंग बाल्कनीत येते. त्यांना वाटतं मी फटाके फोडून राहिले." आमचे सेठ खुर्चीतूनच बोलले, "दोनों एक्सल डाल दे." मी म्हणालो, सेठ, पहले सुनने तो दो. "सुनना है तो रेडियो लगा ले. गलत निकला तो बैग उठा लेना." तुमचाच आवाज, फक्त हिंदीत. मी काकूंना स्टेअरिंगवर बसवलं. म्हटलं, गाडी हलवू नका, फक्त चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. मडगार्डच्या फटीतून हात घालून तळवा स्प्रिंगवर ठेवला. स्प्रिंग आधी अडली, पीळ खात गेली, आणि एकदम सुटली. टुक्क. आवाज कानाच्या आधी हाताला कळला. शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग जाम होतं. बाबा, तोच आवाज. इतकी वर्षं माझ्या डोक्यात बसलेला तोच, आणि तो एक्सलचा नव्हता. तिथंच, ग्रीसच्या हातानं, मी मोठ्यानं हसलो. काकू घाबरल्या, "काय झालं, जास्त खर्च आहे का?"

बेअरिंग बदललं. उभी गाडी एकदम मुकी. पण चालती गाडी पूर्ण वळवून पाहायला आमच्या गल्लीत जागा नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी करोंदला मंडीच्या रिकाम्या पटांगणात गेलो. काकू गाडी गोल फिरवतायत, मी उजव्या चाकाशेजारी वाकून चालतोय. "बेटा, पाय सांभाळ, मी ब्रेकच्या बाबतीत थोडी लेट आहे." डावीकडे गोल घेतला, जरा रेस दिली, आणि उजव्या चाकातून कट-कट-कट-कट. चाकाच्या तालात. चाकाचा वेग वाढला की आवाज वाढतो. मी खाली बसलो. एक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण मी आधी पाहिलं होतं, धड दिसलं होतं. पण चाक पूर्ण वळवलं तेव्हा घडीतली चीर उघडली आणि आत माती दिसली. एक्सल. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर सेठ दिवसभर मिश्या पिळत होते. "क्या बोला था मैंने?" मी म्हणालो, आपने दोनों बोले थे, बायाँ ठीक है. बॅग उचलावी लागली नाही.

म्हणजे दोन्ही होतं. त्या टॅक्सीतही कदाचित दोन्ही असेल. तुमचा एक्सल बरोबर असेल. असेल म्हणतोय, होता म्हणत नाही. पण मीही बरोबर होतो, बाबा, आणि ते तुम्ही गिऱ्हाइकासमोर नाही तर नाही, रात्री जेवताना तरी म्हणू शकला असता. आई वाढत होती, तुम्ही भाकरीकडे बघत होता. एवढंच म्हणायचं होतं, उद्या उभी करून बघू. मी गाव सोडलं नसतं, असंही मी म्हणत नाही. कदाचित सोडलंच असतं. माझ्या शेडमध्ये नियम वेगळा राहील, आधी उभी गाडी ऐकायची, मग चालती, आणि पोरगं बोललं तर हातातलं काम थांबवायचं. माझ्या म्हणजे कुठल्या, ते विचारू नका. मी येणार नाही. तिथं बसून तुमच्या बोर्डाखाली म्हातारं व्हायचं नाही मला.

हे आईला वाचून दाखवलं तर ती रडेल आणि म्हणेल, मग ये. म्हणून हे तिलाही पाठवत नाही. तिला फोनवर एवढंच सांगितलं, चावी देऊ नको, बोर्डाला हात लावू नको. तिनं कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शेडचं भाडं पाठवतोय, अठराशे रुपये.