बिझेनचं मडकं

३ एप्रिल १९८३
साहेबराव जपानहून आले — एकटेच! हे आणि ते दोघं मिळून गेले होते, बिझेन नावाच्या छोट्या शहरात, तिथल्या कुंभारांकडे शिकायला. दोन वर्षांसाठी. हे मागेच राहिले. ह्यांच्या हातचं एक मडकं तेवढं आणून दिलं. "यील की व्यंकटी, वैनी." चहासुद्धा न घेता उठले.

४ एप्रिल
मडकं आपल्या मडक्यांसारखंच, बिनचकाकीचं. दिवसचे दिवस लाकडं जाळून भाजतात म्हणे. भरून ठेवलं. संध्याकाळ झाली तरी बाहेरून ओल नाही, पाणी गरमच! सासूबाई म्हणाल्या, "ह्ये कसलं मडकं? पाझरत न्हाई, गार करत न्हाई." मला राग आला. टँकर चार दिवसांनी येतो, आपली मडकी पाझरून पाझरून रिकामी होतात. ह्यातलं थेंबभर जात नाही. दुष्काळ ओळखूनच पाठवलं असणार ह्यांनी!

१९ एप्रिल
पत्र नाही. पत्त्यावर अजून जिल्हा उस्मानाबादच लिहीत असतील. अहमदपूर आता लातुरात आलं, मी कळवलं होतं — पण ह्यांचा विसरभोळेपणा! पत्रं तिकडेच पडली असतील.

२० एप्रिल
साहेबरावांना बाजारात गाठलं. "नवा जिल्हा माहीत आहे ना ह्यांना?" "हाय की, वैनी." आणि घाईघाईने दुसऱ्या गल्लीत शिरले.

७ मे
चाक दोन वर्षं कोपऱ्यात पडलंय. यंदाही अक्षय तृतीयेला पितरांची मडकी बाजारातून आणायची. कुंभाराच्या घरात विकतचं मडकं! फार एकटं वाटतं. सासूबाई हल्ली माझ्या तोंडाकडे बघतसुद्धा नाहीत. मी काय केलंय त्यांचं?

१५ मे, अक्षय तृतीया
पितरांची मडकी भरून ओळीने मांडली — मामंजींचं, आजेसासऱ्यांचं, आजेसासूबाईंचं. नैवेद्य आणायला आत गेले. येऊन बघते तर सासूबाईंनी बिझेनचं मडकं भरून त्याच ओळीत ठेवलेलं!

मी ओरडलेच. "जित्या माणसाचं मडकं पितरांत मांडता?"

"ऱ्हाऊ दे, पोरी. साहेबराव मला समदं सांगून गेलाय. तिकडं बायको केलीय त्यानं. लेकरू बी हाय. माझ्यासाठी मेला त्यो."

खोटं! मी मडकं उचललं आणि पोटाशी धरून बसले. खूप रडले. सासूबाईही रडल्या, पण लांब बसून.

१६ मे
ओळ अजून तशीच आहे. सकाळी कुंकू लावलं, रोजच्यासारखं. मग ते मडकं मीच नेऊन ओळीत ठेवलं.