हललेला फोटो

कळंब, १८ मे १९७३, शुक्रवार

किळस आली आज घरच्यांची. धाकट्या बहिणीचा, शांतीचा फोटो स्थळाकडं पाठवायचाय. बाहेर नुसता फुफाटा, म्हणून रविवारी तिला घरातच खिडकीपाशी बसवलं होतं. उजेड कमी, म्हणून शटर सावकाश; जरा हललं की फोटो पुसट. पहिल्या फोटोत ती हलली. चेहरा कुंकू फिस्कटावं तसा. मग डोकं भिंतीला टेकवायला लावलं, डोळ्यांवर फोकस धरला, श्वास रोखून बटण दाबलं. आज धुऊन आला. काय फोटो आलाय! पापणीचा केस न् केस दिसतो. देवीचे वणही दिसतात. दिसणारच, लहानपणापासून गालावर आहेत ते.

आबांनी हललेला उचलला. "ह्योच पाठव. ह्यात वण दिसत न्हाईत."

"आबा, हा बिघडलाय."

"मग दुसऱ्यातले वण पेन्सिलीनं बुजव."

आईनं लगेच पेन्सिल आणून पुढ्यात ठेवली. म्हणजे तीही त्यातलीच. वण बुजवायला शिकलो का मी फोटो काढायला? थू!

शांती चहा घेऊन आली. दाराआड कधीपासून उभी होती कोण जाणे. हललेला फोटो बघत म्हणाली, "आबा, मग पाव्हणे बघायला आले की मी हलतच बसू का?"